संजय कोणासाठी बोलतो?

भिवंडीहून एका वाचक भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यातील प्रश्न असा आहे की, त्याचे उत्तर खासगी पत्राने देऊन भागेल असे वाटत नाही. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी चित्रपटलेखनाचे शिक्षण पुरे करून वीस मिनिटांच्या एका लघुपटाची पटकथा लिहिली आहे. विषय घरचाच, म्हणजे त्याची आजी. ब्राह्मण आळीतील घर, आजोबा एका कापड व्यापाऱ्याकडे मुनीम, पुढे त्यांनी हिंमत करून जुने यंत्रमाग विकत घेतले, परसातल्या पत्र्याच्या खोलीत ते चालविले, आणि त्यांच्यामागे ती खोली कुलपात गेली. आजीने या सर्व काळात एका वहीत दोन-दोन, चार-चार ओळी टिपून ठेविल्या होत्या. ती वही नातवाच्या हाती लागली.

तंटा येथेच उपस्थित झाला. बाईंचे म्हणणे असे की, पडद्यावर चित्र चालले असताना मागून आजीची वही वाचली जावी. आजीचे शब्दच गेले तर उरले काय? चिरंजीवांना त्यांच्या शिक्षकांनी बजावलेले की, मागून बोलणारा आवाज हा आळशी लेखकाचा आसरा होय. जे दाखविता येत नाही ते सांगून मोकळे होण्याची ती युक्ती आहे. पत्रासोबत पटकथेची बारा पाने आहेत. ती आम्ही दोनदा वाचली. दोघेही बरोबर आहेत, पण निरनिराळ्या पानांवर, असे आमचे मत झाले. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

क्रियेसोबत चालणाऱ्या निवेदनाचा आद्य आचार्य म्हणून आपल्याकडे कोणाचे नाव घ्यावयाचे असेल तर ते संजयाचे. कुरुक्षेत्रावर जे घडत आहे ते तो हस्तिनापुरास बसलेल्या धृतराष्ट्रास सांगतो. कोणी कोणता शंख फुंकला, कोण कोणाकडे धावला, कोणाचा रथ मोडला, हे सारे त्याला शब्दाने उभे करावे लागते. कारण ऐकणारा अंध आहे. त्या सांगण्यात एक अक्षर अधिक नाही. आता हाच संजय चित्रपटगृहात आणून उभा करा. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींना डोळे आहेत. रथ मोडल्याचे त्यांना दिसते आहे. तेथे संजय जर "रथ मोडला हो!" असे म्हणू लागला, तर प्रेक्षकांची पहिली भावना अशी होते की, हा आपणांस धृतराष्ट्र समजतो की काय! शिक्षकांचा आक्षेप या संजयावर आहे आणि तो अगदी रास्त आहे.

परंतु चित्रामागे बोलणारा माणूस मुळात आळशीपणातून जन्मला, हे मात्र आम्हांस मान्य नाही. त्याचा जन्म गरजेतून झाला आणि त्याचे घराणे मोठे जुने आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा निर्देश आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर मंडळींनी हीच कला आजवर जतन केली. एकेक चित्र पुढे ठेवावे आणि वाद्यांच्या साथीने कथा गावी, अशी ती रीत. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आणि भिवंडीकरांना तर याकरिता पिंगुळीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. कोन गावावरून खाडी ओलांडली की कल्याण. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. शंबरासुराच्या मायेवरून शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे दिवा. आपण ज्याला जादूचा कंदील म्हणतो तो. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवावयाची, दिव्यापुढे त्या एकामागून एक सरकवून पडद्यावर पाडावयाची, आणि पट्ट्या इतक्या चपळाईने बदलावयाच्या की पात्रे हलत आहेत असा भास व्हावा! रामायण-महाभारतातील कथा या रीतीने दाखविल्या जात. पुत्रांच्या साह्याने पटवर्धनांनी हा खेळ गावोगाव नेला. चित्रपट आपल्याकडे येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. या खेळात चित्रांसोबत संवाद, पदे आणि वादन चाले. चित्राला हालचाल थोडी आणि वाचा मुळीच नाही. ती वाचा त्याला माणसे देत.

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्र आता खरोखर हलू लागले, पण मुकेच राहिले. मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्या येत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवीत असे. म्हणजे संजय अजूनही कामावर होता. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, पात्रे स्वतःच्या तोंडाने बोलू लागली, आणि एका दिवसात संजयाची नोकरी गेली.

आता गंमत अशी की, नोकरी गेलेला हा गृहस्थ थोड्याच वर्षांत परत आला. परंतु वेगळ्या कामावर. पूर्वी तो चित्राची उणीव भरून काढीत असे. आता चित्र स्वतः समर्थ झाले होते. तेव्हा त्याला चित्राशेजारी बसण्याजोगे स्वतःचे असे काही आणणे भाग पडले. पटकथेतील निवेदनाची सारी परीक्षा आमच्या मते या एका ठिकाणी आहे. जे चित्राला ठाऊक नाही असे काही आवाजाला ठाऊक असले पाहिजे. आणि जे आवाजाला ठाऊक नाही, किंवा जे तो सांगू इच्छीत नाही, असे काही चित्राला ठाऊक असले पाहिजे. दोहोंपैकी एक जरी रिकाम्या हाताने आला तरी पंगत बसत नाही.

ज्यांनी चांगले कीर्तन ऐकले आहे त्यांना हे नवीन वाटू नये. सीतास्वयंवराच्या आख्यानात बुवा वाकून धनुष्य उचलण्याचा आविर्भाव करतात, तेव्हा "रामाने धनुष्य उचलले" असे ते तोंडाने म्हणत नाहीत. तेवढ्यापुरता मृदंग बोलतो. बुवा सांगतात ते जनकाच्या पोटात त्या क्षणी काय कालवले ते. किंवा दूर अयोध्येत कौसल्येला त्या घडीला काय ठाऊक नव्हते ते. हात एक गोष्ट सांगतो, तोंड दुसरी सांगते, आणि श्रोता दोहोंच्या मध्ये बसून तिसरी जाणतो. (अलीकडे काही बुवा हातानेही तेच आणि तोंडानेही तेच सांगतात, आणि वर ध्वनिवर्धक लावतात. असो.)

चित्रपटातील उदाहरण हवे असेल तर १९३६ चा 'संत तुकाराम' पाहावा. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाच्या आरंभी तुकोबा डोळे मिटून अभंग गाण्यात तल्लीन झाले आहेत. आणि लागलीच आपण पाहतो की सालोमालो तेच शब्द निराळ्या चालीत, आपलेच म्हणून देवळात गात आहे. येथे निवेदकाने "सालोमालो हा दांभिक मनुष्य होता" असे सांगितले असते तर काय साधले असते? शब्द दोन्हीकडे तेच आहेत. बदलले ते त्यांच्याखालचे चित्र. शब्द आणि दृश्य यांचे नाते कसे असावे याचा याहून सोपा पाठ आम्हांस माहीत नाही.

परदेशातही हाच न्याय दिसतो. बिली वाइल्डरच्या १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड' या चित्रपटात पोहण्याच्या तलावात एक प्रेत तरंगताना दिसते आणि कथा सांगणारा आवाज त्याच मृत मनुष्याचा आहे, असे पुढे कळते. तो बोलतो ते सर्व मागे वळून, सर्व संपल्यावर. चित्रातला तोच मनुष्य मात्र प्रत्येक पाऊल आशेने टाकीत असतो. आपल्याकडे मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' (१९६९) मध्ये एका कडक रेल्वे अधिकाऱ्याची ओळख करून देणारा आवाज थोडा खट्याळ आहे. तो आवाज त्या वेळी कोणाला ठाऊक नसलेल्या अमिताभ बच्चन यांचा. दूरदर्शनवरील 'महाभारत' (१९८८ ते १९९०) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात हरीश भिमाणी यांच्या आवाजात 'समय' बोलतो. राही मासूम रझा यांच्या संहितेतील ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. कारण समय हा तिऱ्हाईत नाही, त्याला शेवट ठाऊक आहे, आणि तरी तो कोणाला थांबवू शकत नाही.

नियम म्हटला की अपवाद आलाच, आणि तो लपविणे बरे नव्हे. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ साली एका खेड्यातील पाद्र्याच्या दैनंदिनीवर चित्रपट केला. त्यात पाद्री लिहितो तो हात दिसतो, लिहिलेले त्याच्याच आवाजात ऐकू येते, आणि पुष्कळदा तीच घटना पुन्हा डोळ्यांपुढे घडते. एकच गोष्ट तीन वेळा! आमच्या वरील परीक्षेत हा चित्रपट नापास व्हावयास हवा. तो होत नाही. कारण तेथे लिहिणे हीच त्या एकाकी माणसाची मुख्य क्रिया आहे. आजीच्या वहीचा विषय निघाला आहे म्हणून हे मुद्दाम सांगितले. वही वाचावयाची की वही लिहिताना दाखवावयाची, हे दोन अगदी वेगळे चित्रपट आहेत.

आता त्या बारा पानांकडे वळू. चौथ्या पानावर आजी कित्येक वर्षांनी परसातल्या खोलीचे कुलूप काढते. लेखकाने ते असे लिहिले आहे:

आजी कुलूप काढते. दार उघडते. आत बंद माग. आजी उदास.
निवेदन (आजी): मी कुलूप काढले. दार उघडले. आत सगळे माग बंद पडले होते. मला फार वाईट वाटले.

यातील पहिली तीन वाक्ये संजयाची आहेत आणि चौथे अभिनेत्रीचे काम हिरावून घेणारे आहे. हे शिक्षकांचे पान. परंतु बाईंनी पत्रात ओघाने लिहिले आहे की, पहिला माग घेताना आजीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या कधी सुटल्या नाहीत. वहीत त्याची एका ओळीची नोंद आहे. पटकथेत ही नोंद कोठेच नाही! आम्ही ते पान असे लिहून पाहिले:

आजी कुलूप काढते. दार ढकलते. मागांच्या रांगेतून सावकाश चालते. पहिल्या मागापाशी थांबते. पदराने चौकटीवरची धूळ पुसते. हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या.
निवेदन (आजी): ह्यांनी हा माग घेतला तेव्हा माझ्या पाटल्या गेल्या. म्हणाले, दिवाळीला सोडवू. कोणती दिवाळी, ते मी विचारले नाही.
आजी धोटा उचलते. त्यात कांडी नाही. ती तो पदरात बांधते.

यात आवाजाने पाटल्यांची हकीकत आणली. ती चित्रापाशी नव्हती. चित्राने मोकळे मनगट आणले. आवाज त्याविषयी बोलत नाही. आणि शेवटी धोटा पदरात बांधणे हे आवाजालाही ठाऊक नाही, वहीतही नाही. आजीच्या मनात नवऱ्याविषयी राग आहे की माया, हे कोणीच सांगितले नाही; प्रेक्षक ते आपल्या घरच्या आजीवरून ठरवील. 'आजी उदास' हे दोन शब्द गाळले याची वाचकांनी नोंद घ्यावी. पटकथेत कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच लिहावे. उदासी दिसत नाही, धूळ पुसणारा हात दिसतो.

या पटकथेत आणखी एक जागा अशी आहे की, जेथे निवेदनावाचून गत्यंतरच नाही, आणि लेखकाने नेमके तेथेच पात्रांना बोलावयास लाविले आहे. मागांची खोली चालू असताना आजी आजोबांना काही सांगते आणि ते उत्तर देतात. भिवंडीच्या लेखकाने असे लिहावे याचे नवल वाटते. आठ-दहा माग एकदम चालू असले म्हणजे शेजारच्याचे बोलणे कानी पडत नाही. तेथली माणसे हाताने, भुवयांनी, फार तर कानाशी तोंड नेऊन बोलतात. ध्वनीमुद्रकाला तो संवाद मुद्रित करता येणार नाही, आणि नंतर खोटा चिकटविला तर भिवंडीतला शेंबडा पोरही हसेल. येथे खटखटाट चालू ठेवावा, ओठ हलताना दाखवावे, आणि आजीचा वृद्ध आवाज वरून यावा: "त्या दिवशी मी काय म्हणाले ते त्यांना ऐकू आलेच नाही. पुढे मी ते पुन्हा म्हटले नाही." हे बाईंचे पान.

येथपर्यंत कलेची गोष्ट झाली. परंतु मागून बोलणाऱ्या आवाजाची आणखी एक बाजू आहे, आणि ती भिवंडीसारख्या गावी केवळ कलेची राहत नाही.

क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५७ साली सायबेरियावर एक अनुबोधपट केला. त्यात याकुत्स्क शहरातील रस्त्याची काही दृश्ये तो तीन वेळा दाखवितो: एक बस, एक मोटार, रस्ता सपाट करणारे मजूर, वाटेने जाणारा एक मनुष्य. पहिल्या वेळी निवेदन स्तुतीचे, दुसऱ्या वेळी निंदेचे, तिसऱ्या वेळी कोरडे. चित्र तेच, प्रत्येक वेळी आपण वेगळेच शहर पाहतो. हा प्रयोग आपण घरच्या घरी करून पाहू. मागांची खोली, रात्र, एक कामगार तुटलेला धागा जोडीत आहे. आता ऐका. "गाव झोपले, पण भिवंडीचे माग झोपत नाहीत, या उद्योगी हातांनी देशाला वस्त्र दिले." पुन्हा तेच चित्र. "शेकडो वार कापड ज्याच्या हातून उतरते त्याच्या अंगात फाटका बनियन आहे, आणि झोप त्याच्या नशिबी नाही." आणि तिसऱ्यांदा: "रात्रपाळी. धागा तुटला की माग थांबतो. जोडला की चालू होतो." तिसरे वाक्य निःपक्षपाती वाटते ना? ते तसे नाही. त्याने मजुरीविषयी तोंड उघडले नाही; आणि गप्प राहणे हीसुद्धा एक बाजू असते.

१९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन निघाले आणि पुढे अनेक वर्षे प्रत्येक चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी त्यांचा अनुबोधपट वा वार्तापट दाखविणे सक्तीचे होते. धीरगंभीर आवाजात धरणे, शेते आणि कारखाने यांचे वर्णन ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या आवाजाशी वाद घालता येत नसे. तो कोणाचा, कोठून बोलतो, हेच ठाऊक नसे. सुखदेव यांनी 'इंडिया ६७' हा अनुबोधपट निवेदनाशिवाय केला, तेव्हा चित्रांकडे पाहून स्वतःच अर्थ लावण्याची पाळी प्रेक्षकांवर आली. पुष्कळांना ते अवघड गेले असेल. आज फिल्म्स डिव्हिजनचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे, पण तो बिनचेहऱ्याचा आवाज नाहीसा झाला नाही. तो आपल्या खिशातल्या दूरध्वनीत येऊन बसला आहे. कोठल्या तरी गावच्या, कोठल्या तरी वर्षीच्या जमावाचे दृश्य, आणि त्यावर कोणाचा तरी त्वेषाने भरलेला आवाज: "काल अमुक गावी काय झाले ते पाहा." चित्र खोटे नसते. आवाज खोटा असतो, आणि डोळे कानावर विश्वास ठेवतात.

भिवंडीने मे १९७० आणि मे १९८४ असे दोन भीषण दंगे पाहिले. पहिल्या दंग्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. त्या दंग्यानंतर हिंदी लेखक भीष्म साहनी आपले बंधू, नट बलराज साहनी यांच्यासमवेत भिवंडीस आले होते. ती उजाड घरे आणि ते मुके रस्ते पाहताना त्यांच्या मनात १९४७ ची रावळपिंडी जागी झाली, आणि त्यातून 'तमस' ही कादंबरी लिहिली गेली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. तिला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या गावात मागांचा आवाज थांबत नाही तेथील शांततेतून एका मोठ्या कादंबरीचा उगम झाला, ही गोष्ट भिवंडीकरांना तरी ठाऊक असावी.

पुढे गोविंद निहलानी यांनी 'तमस' पडद्यावर आणली आणि जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनने ती दाखविली. कादंबरीचा आरंभ नत्थू नावाच्या एका गरीब चर्मकाराने रात्री एका कोठडीत डुक्कर मारण्याच्या धडपडीने होतो. कादंबरीत नत्थूच्या मनातील शंका, भीती, पाच रुपयांच्या नोटेचा मोह, हे सारे लेखक शब्दांनी सांगू शकतो आणि सांगतो. पटकथाकाराला येथे मोह होणे किती स्वाभाविक होते! दोन वाक्यांचे निवेदन घातले की झाले. निहलानींनी ते केले नाही. ओम पुरींचा घामेजलेला चेहरा, त्यांचा श्वास आणि ते जनावर, एवढ्यावर त्यांनी प्रसंग तोलून धरला. पुढे गाव पेटते तेव्हाही 'यात दोष अमक्याचा' असे सांगणारा कोणी प्रेक्षकाच्या कानाशी बसलेला नाही.

मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे म्हणून न्यायालयात अर्ज झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी १९८८ मध्ये तोच निर्णय कायम केला. त्या मालिकेत एखादा पडद्यामागचा पंडित बोलत असता, तर तिच्या विरोधकांना त्याच्या एकेका वाक्यावर बोट ठेवणे किती सोपे गेले असते, असा विचार आमच्या मनात येतो. चित्रापुढे बसलेल्या माणसाला स्वतः न्याय करावा लागतो, मग तो न्यायमूर्ती असो की तुमच्या-आमच्यासारखा कोणी.

या चिरंजीवांच्या पटकथेतही १९८४ चा प्रसंग आहे; नवव्या पानावर. आळीचे दरवाजे बंद आहेत, दूर धूर दिसतो, आजोबांकडे कामाला असलेला मोमीन कारागीर तीन दिवस आला नाही. त्यावर लेखकाने दहा ओळींचे निवेदन घातले आहे आणि त्यात माणुसकी हा शब्द चार वेळा आला आहे. हेतू अत्यंत चांगला आहे. परंतु वहीतील त्या आठवड्याची नोंद बाईंनी पत्रात उतरून पाठविली आहे, ती एवढीच: "माग तीन दिवस बंद. त्याचा डबा रोज केला, रोज संध्याकाळी गाईला घातला." आजीला येथे बोलू द्यावे. दहाच्या दहा ओळी काढाव्यात. धूर आणि बंद दरवाजे दाखवावेत, आणि वरून ही दोन वाक्ये यावीत, तीही साध्या, घरातला हिशेब सांगावा अशा आवाजात. आवाज जर रडवेला झाला तर सर्व बिघडेल.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. निवेदन लिहिण्यापूर्वी बोलणारी व्यक्ती कोणत्या वयात, कोठे बसून, कोणाला उद्देशून बोलते हे एका वाक्यात स्वतःपुरते लिहून ठेवावे. या पटकथेत पहिल्या पानावर आजी वृद्धपणी बोलते आणि सहाव्या पानावर ती अचानक नववधूच्या मनाने बोलू लागते. लेखकाच्या हे ध्यानात आलेले नाही. प्रथम सर्व क्रिया निवेदनावाचून लिहून काढाव्या. त्या वाचताना कथा जेथे खरोखर अडते तेथेच खूण करावी. आमच्या अनुभवाने अशा जागा चार-पाचांहून अधिक निघत नाहीत. कागदावर निवेदन क्रियेच्या मध्ये नेमक्या ठिकाणी ठेवावे: कुलूप काढण्याआधी, धूळ पुसताना, की धोटा उचलल्यावर, हे संकलकाला कळले पाहिजे. ते वाक्य तेथून दोन ओळी खाली सरकविले तरी अर्थ पालटतो. पाटल्यांचे वाक्य मनगट दिसण्याआधी आले तर ते चित्राची जाहिरात होते. आणि शेवटी, लिहिलेले स्वतः मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. चौथ्या पानावरील मूळ क्रिया जेमतेम दहा सेकंदांची आहे आणि दुसऱ्या मसुद्यात तेथे घातलेले निवेदन अर्ध्या मिनिटाचे. म्हणजे वीस सेकंद आजीने दारात नुसते उभे राहावे काय?

ही वेळ मोजण्याला एक आणखी कारण अलीकडे उत्पन्न झाले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रगृहांत दाखवावयाच्या चित्रपटांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दृष्टिहीन प्रेक्षकांना कानात ऐकू येईल असे दृश्यवर्णन देण्याची तरतूद आहे. तेथे संजय पुन्हा आपल्या मूळच्या कामावर रुजू होतो: "आजी कुलूप काढते, मागांमधून चालते," हे तो सांगतो, आणि ते सांगणे तेथे सर्वथा योग्य आहे. मात्र हे वर्णन पात्रांच्या बोलण्यामधील मोकळ्या जागांतच बसवावे लागते. पटकथा पहिल्यापासून शेवटपर्यंत निवेदनाने गच्च भरलेली असली, तर आजीने पदरात काय बांधले हे त्या अंध श्रोत्याला सांगावयास जागाच राहत नाही.